मुलाकडच्यांचा होला

अख्ख्या अमेरिकेत उडत्या पाखरावरसुद्धा मुलाकडच्यांचा मान सांगणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा व्याही आहे. हे मी रागात लिहितोय असं कोणाला वाटलं तर बरोबरच वाटतंय. त्या पाखराचं नाव होला. कबुतराचा सडपातळ, लाजाळू चुलतभाऊ. सप्टेंबर लागला की इथल्या शेतांवर होल्यांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि हौशी मंडळी बंदुका घेऊन सूर्यफुलांच्या कडेला उलट्या बादल्यांवर बसतात. मीही बसलो. माझ्या आयुष्यातला पहिला होला मी मारला आणि तो माझ्या व्याह्यांनी नेला. तो माझा होता. लेख संपेपर्यंत वाचकांनी एवढं लक्षात ठेवलं तरी मला पुरे आहे.

आमचे व्याही मूळचे नागपूरचे, आणि माझ्यासारखेच कित्येक वर्षं हर्नडनला राहणारे. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा दोघंही इथेच जन्मलेली. त्यांना मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देतात. लग्नानंतर नोकरीसाठी दोघं देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला निघून गेली आणि आम्हा दोन्हीकडच्या आईबापांना एकमेकांच्या ताब्यात देऊन गेली. लग्न ठरताना व्याही म्हणाले होते, "मानपान वगैरे काही नको, व्याहीसाहेब. आपण अमेरिकेत आहोत ना बाप्पा!" मी फरश्यांच्या धंद्यातला माणूस. दुसऱ्याच्या दुकानात ग्रॅनाइट उचलण्यापासून सुरुवात करून स्वतःचं दुकान उभं केलंय. 'काही नको' म्हणणारं गिऱ्हाईक सगळ्यात महाग पडतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण मुलीचं लग्न म्हटलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

हा माणूस बारा महिने शिकारीच्या कपड्यांत असतो. पानापाल्याच्या नक्षीचं जाकीट, तशीच पॅन्ट, तशीच टोपी. हेतू असा की पाखराला माणूस दिसू नये. पण देशी किराणा दुकानात भेंडी निवडताना कोणापासून लपायचं असतं? हळदीलाही ते हेच जाकीट घालून आले आणि हॉलमधल्या कुंडीतल्या मोठ्या झाडाशेजारी उभे राहिले. फोटो पाहून माझी बहीण आजही विचारते, "अरे, मुलाचे वडील आलेच नव्हते का?" त्यांच्या आजोबांनी म्हणे रामटेकच्या जंगलात वाघ मारला होता. हा वाघ मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की माझ्या डोळ्यांदेखत तो लहानाचा मोठा झाला. पहिल्यांदा बिबट्या होता, साखरपुड्यापर्यंत पट्टेरी झाला आणि लग्नात नरभक्षक. शेवटी विहीणबाईंनीच एकदा पोळ्या लाटता लाटता सांगितलं, की आजोबा पोस्टात होते आणि पालीला घाबरत.

व्याही निवृत्त होण्यापूर्वी कुठल्याशा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. नोकरी सुटली, पण मॅनेजरकी सुटली नाही. शिकारीच्या दिवशी शेतावर ते सगळ्यांना बादल्यांवरून उठवून गोल उभं करतात आणि एकेकाला विचारतात, "काल काय केलं? आज काय करणार? अडचण काय?" ज्यांचं शेत आहे ते म्हातारे आजोबा, चांगले सहा फुटी गोरे गृहस्थ, दरवर्षी एकच उत्तर देतात, "काल काही नाही. आज बघू. अडचण तू." व्याही मान डोलावतात आणि पुढच्याकडे वळतात.

त्यात घरी विहीणबाईंचं पंचांग. श्रावणात जीव मारायचा नाही हा त्यांचा हुकूम. मग व्याही श्रावणभर मैदानावर जाऊन यंत्रातून उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडतात. इंग्रजीत त्या चकतीला मातीचं कबूतरच म्हणतात. "हे कबूतर उपासाला चालते," ते मला गंभीरपणे म्हणाले. "हाड नाही, रक्त नाही, कांदा-लसूण नाही." आणि कावळा! इथे कावळ्याच्याही शिकारीचा मोसम असतो. एकदा शेजारच्या बादलीवरच्या माणसाने झाडावरच्या कावळ्याकडे बोट दाखवलं, तर व्याह्यांनी त्याची बंदूक हाताने खाली केली. "त्याच्यावर मी बार काढत नाही. कोणाचा बाप असेल सांगता येत नाही." त्या गोऱ्या माणसाने घाबरून टोपी काढली आणि कावळ्याला नमस्कार केला.

तर अशा माणसाच्या नादी मी लागलो, ते मुलीमुळे. ती फोनवर म्हणाली, "बाबा, यू गाईज शुड बाँड. त्यांच्याबरोबर जा ना एकदा." मी आयुष्यात छापील किमतीला काही विकत घेतलेलं नाही, तेव्हा बंदूक तरी कशी घेईन? दुकानातला पोरगा सांगून थकला, "सर, किंमत कॉम्प्युटर ठरवतो." मी म्हटलं, मग कॉम्प्युटरला बोलाव. दुपार कलली तेव्हा मी बंदुकीबरोबर एक टोपी, काडतुसांचं एक खोकं आणि बदकाच्या आकाराचा टेबललॅम्प फुकट घेऊन बाहेर पडलो. परीक्षा दिली, लायसन्स काढलं. व्याह्यांनी माझी काडतुसं हातात घेऊन नाक मुरडलं. काडतुसात छर्रे असतात. माझे बारीक, मोहरीएवढे. दुकानातल्या पोराने होल्यांसाठी हेच दिले होते. व्याह्यांचे जाड, बाजरीच्या दाण्याएवढे. "आमच्या घराण्यात मोहरी फक्त फोडणीत घालतात," ते म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांच्याच अंगाशी येणार होतं, म्हणून सांगून ठेवतो.

त्या वर्षी मोसम उघडला तो गणपतीच्या दिवसांत. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत बार काढायला मनाई असते, म्हणून आधी कोठारापाशी सगळ्यांचं जेवण झालं. मग आम्ही दोघं शेताच्या कडेला शेजारी शेजारी बादल्या टाकून बसलो. व्याह्यांच्या जाकिटाला दोन मोठे खिसे. डावीकडच्यात काडतुसं, उजवीकडच्यात विहीणबाईंनी केलेला चिवडा. शेतमालक आजोबांचं एक तपकिरी कुत्रं आहे, बिस्किट नावाचं. पडलेलं पाखरू शोधून आणणं हे त्याचं काम. ते दुपारभर व्याह्यांच्या उजव्या खिशाला नाक लावून बसलं होतं आणि व्याही त्याला मूठमूठ चिवडा चारत होते. पंचाला सामन्याआधी खाऊ घालावं तसं. मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं.

तेवढ्यात पाठीमागच्या ओकच्या झाडांवरून एक होला आला. एकटाच. मी उठलो, बंदूक खांद्याला लावली आणि बार काढला. माझ्या बाराच्या शेपटीला लागूनच व्याह्यांचा बार झाला. होला गपकन सूर्यफुलांत पडला. मला माझ्या पहिल्या दुकानाची किल्ली हातात आली तो दिवस आठवला.

आता त्या शेतावरची एक रीत सांगायला हवी. दोघांचे बार एकाच पाखरावर निघाले तर एकाने म्हणायचं, 'तुमचा.' दुसऱ्याने म्हणायचं, 'छे छे, तुमचा.' असं थोडा वेळ चालतं आणि मग ज्याचा असेल तो घेतो. आजोबांनी मला हे जेवताना समजावलं तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. हे मराठी माणसाला शिकवायचं? ताटलीतल्या शेवटच्या वडीसाठी अर्धा तास 'तुम्ही घ्या', 'नको, तुम्ही घ्या' करण्यात आमच्या पिढ्या गेल्या. तेव्हा मी अगदी ठसक्यात, सराईतपणे म्हणालो, "तुमचा, व्याहीसाहेब."

व्याही म्हणाले, "बरं."

बरं! नुसतं बरं! छे नाही, अहो नाही, असं कसं नाही. दाराशी निघालेल्या पाहुण्याला आपण 'जेवूनच जा आता' म्हणावं आणि त्याने चपला काढून पाटावर बसावं, तसं. इतकी वर्षं घासाघीस करतोय. समोरच्याचा अंदाज घेतल्याशिवाय मी कधी तोंड उघडलेलं नाही, आणि इथे पहिल्याच वाक्यात सगळं दुकान देऊन बसलो. तेवढ्यात बिस्किट होला तोंडात धरून आलं, माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्याने तो व्याह्यांच्या पायाशी ठेवला आणि उजव्या खिशाला नाक लावलं. आजोबांनी दिवसाच्या पहिल्या होल्याचं पीस व्याह्यांच्या टोपीत खोचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. मुलीचा बाप दुसरं काय करणार?

घरी येऊन मी बायकोपुढे भडाभडा बोललो. ती म्हणाली, "मुलीकडचे आहोत आपण. एका पाखरापायी तोंड उघडलंत तर बघा." मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, इट्स अ बर्ड. लेट इट गो." मी म्हटलं, लेट गो केला असता तर प्रश्नच नव्हता, मी नेम धरून मारलाय तो. आणि यावर कडी म्हणजे तो होला आला कुठे, तर माझ्याच घरी. त्यांच्याकडे गणपती बसलेला, विहीणबाई मांस उंबऱ्याच्या आत घेऊ देईनात. "चार दिवस तुमच्या फ्रीजरमध्ये ठेवा, व्याहीसाहेब." गणपती उठले तर पितृपक्ष लागला. पितृपक्ष संपला तर नवरात्र बसलं. दसऱ्यापर्यंत तो होला माझ्या फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीवर पडून होता. मालकी त्यांची, वीज माझी. आइस्क्रीम काढायला जावं तर तो समोर.

दसऱ्यानंतर व्याह्यांनी घराच्या मागच्या अंगणात सावजी पद्धतीचा झणझणीत रस्सा केला. एका होल्यावर दहा माणसं. पाखरू एवढंसं आणि रस्सा एवढा, की होला त्यात पोहून गेला असावा असं म्हणायला जागा होती. माझ्या वाटीत नशिबाने एक तुकडा आला. मी तो चावला आणि दाढेतून कळ गेली. बोटाने काढून बघतो तर छर्रा! बारीक. मोहरीएवढा! माझा! मी बायकोला कोपरखळी मारली आणि तळहात दाखवला. ती कुजबुजली, "फोडणीतली मोहरी असेल." मी म्हटलं, मोहरीने दाढ हलत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात फरशीची जाडी मोजायच्या मापाने मी तो छर्रा मोजला. शंकाच उरली नाही. कागदाच्या पुडीत बांधून पाकिटात ठेवला आणि ठरवलं, पुढच्या मोसमात, त्याच शेतावर, सगळ्यांसमोर हा व्याह्यांच्या हातावर ठेवायचा.

मधलं वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. व्याही होल्याची गोष्ट सगळीकडे सांगत होते आणि तीही वाघासारखी वाढत होती. आधी "आम्ही दोघं होतो" असं होतं. दिवाळीला "व्याही बाजूला बसले होते" झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या घोळक्यात त्यांनी सांगितलं, त्यात तर मी गाडीतून डबा आणायला गेलेलो होतो. आणि वर ताठा किती! बोलताना माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी समोर उभा आणि यांचं तोंड शेजारच्या भिंतीकडे, मैनेसारखी मान तिरकी करून. मुलाकडचा असला म्हणून काय झालं? मी पाकीट चाचपायचो आणि मोसमाची वाट बघायचो.

शेवटी मोसम उघडला. यंदा अधिक महिना आल्याने सगळं पुढे गेलं होतं आणि ऐन उघडायच्या दिवशी श्रावण चालू होता. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "या वेळी तुम्हीच गाडी काढा हं, त्यांना जरा थकवा आहे." व्याही आले ते बंदुकीशिवाय. टोपीत मागच्या वर्षीचं पीस मात्र होतं. शेतावर सगळ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "आमचा पवित्र महिना चालू आहे, मी नुसता बघणार." मंडळींना गोल उभं केलं, अडचणी विचारल्या. आजोबांनी आपलं ठरलेलं उत्तर दिलं. सगळे हसले आणि आपापल्या बादल्यांकडे पांगले. मी ठरवलं होतं सगळ्यांसमोर, पण जेवणात बोलायची संधीच मिळाली नाही. म्हटलं, आधी यांच्याकडून कबूल करून घेऊ, मग गाव गोळा करू. बादलीवर बसल्या बसल्या मी पुडी सोडली आणि छर्रा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हे काय आहे, बघा जरा."

त्यांनी तळहाताकडे बघितलं. मग मान तिरकी केली. मग हात डोळ्यांच्या बाजूला, कानाजवळ नेला. मी वाट बघत होतो. मोठ्या मजेत होतो.

"काय ठेवलं तुम्ही?" ते म्हणाले. "दिसून नाही राहिलं."

"नाटक नको, व्याहीसाहेब."

"नाटक नाही हो." ते हसले, पण नेहमीसारखे नाही. "तुम्हाला तर माहीतच आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला. ज्याच्याकडे बघायला जातो तेच नाहीसं होते. कडेकडेचं दिसते. आता डॉक्टर म्हणतो बंदूक नको, गाडी नको. श्रावणाचं आपलं निमित्त."

मी म्हणालो, "मला कसं माहीत असणार?"

"काहून? मागच्या वर्षी तुम्हाला समजलंच होतं ना." ते सूर्यफुलांकडे तोंड करून बोलत होते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते, हे मला आत्ता कळत होतं. "तेव्हा नुकतीच सुरुवात होती. मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. आभाळ तेवढं दिसायचं, पाखरू नाही. तो होला मला दिसलाच नव्हता, व्याहीसाहेब. तुमची बंदूक वाजली म्हणून मी वर आभाळात वाजवली. आणि लगेच तुम्ही म्हणाले, 'तुमचा.' मला वाटलं, या माणसाने ओळखलं. ओळखलं आणि चार लोकांत माझी लाज ठेवली. मग 'नको' कसं म्हणू? तोंडातून 'बरं' एवढंच निघालं."

मी मांडीवरची बंदूक काढून जमिनीवर ठेवली.

"म्हणून तर गावभर सांगत फिरलो," ते पुढे म्हणाले. "शेवटचा होला, आणि तो तुम्ही दिलेला. गोष्टीत तुम्हाला गाडीकडे पाठवलं, ते कोणी 'मग व्याह्यांचा बार कुठे गेला' असं विचारू नये म्हणून. राग नाही ना आला?"

"छे," मी म्हणालो. "कसला राग?"

"तुम्हाला समजलं होतं ना पण?"

वर्षभर पाकिटात जपलेला माल विकायची हीच वेळ होती. माल खरा होता आणि गिऱ्हाईक समोर होतं. मी म्हणालो, "समजलं होतं म्हणजे काय? लगेच समजलं होतं."

"मग हे हातावर काय आहे?"

"मोहरी," मी म्हणालो. "फोडणीतली. डब्यातून सांडली असेल." आणि तो छर्रा त्यांच्या तळहातावरून उचलून सूर्यफुलांत फेकून दिला.

मी माझी बादली त्यांच्या समोरच्या बाजूला सरकवायला लागलो, त्यांना ऊन लागत होतं म्हणून. त्यांनी माझी बाही धरली. "समोर नका बसू हो. समोर बसले तर दिसणार नाही. इथेच कडेला बसा."

मी कडेला बसलो. ऊन कलायला लागलं तेव्हा ओकच्या झाडांवरून एक होला आला, एकटाच, आणि कसं कोण जाणे, तो माझ्या बाराने पडला. शेतात दुसरा बार झाला नव्हता. बिस्किट धावत गेलं, होला घेऊन आलं आणि तो सरळ व्याह्यांच्या पायाशी ठेवून त्याने उजव्या खिशाला नाक लावलं. खिशात श्रावणातला बिनकांद्याचा चिवडा होता. व्याह्यांनी वाकून चाचपत पाखरू उचललं, पिसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे धरलं.

"तुमचा," ते म्हणाले.

या खेपेला मी चुकणार नव्हतो. "छे छे, तुमचा."

"असं कसं? बार तुमचा."

"कुत्रं तुमचं."

"कुत्रं आजोबांचं. घ्या हो तुम्ही."

"अहो, तुम्ही घ्या."

"मी म्हणतो ना, तुमचा."

असं बराच वेळ चाललं. दोघंही हटेनात. तेवढ्यात आमच्या डोक्यावरून होल्यांची एक जोडी अगदी खालून, निवांत निघून गेली. एकाला ती दिसली नाही आणि दुसऱ्याने तिच्याकडे बघितलं नाही.